शेजारी ठेवलेलं मशीन

त्रिंबकला एक कला साधली होती. ज्या कंपनीत आधीपासून कुणाचा तरी चहा चालू असेल, तिथल्या साहेबासमोर बसून तो त्याच चहाची तारीफ करायचा. "तुमच्या इथला चहा लई झकास असतो म्हणं," एवढं बोलायचा आणि गप्प राहायचा. मग साहेबच तोंड उघडायचा. कसला झकास, अहो दहाचा चहा साडेदहाला येतो. ग्लास विसळत नाही, नुसते पाण्यातून काढतो. लग्नसराई आली की आठ-आठ दिवस गायब. त्रिंबक मान डोलवत सगळं ऐकून घ्यायचा आणि उठता उठता म्हणायचा, "त्याला काढू नका साहेब. त्याचंबी पोट हाय. आमचं मशीन नुसतं शेजारी ठेवा. पंधरा दिवस फुकट चालवा, नाय पटलं तर मी उचलून नेतो."

शेजारी ठेवलेलं मशीन कुणी उचलून न्यायला लावलं नव्हतं. बटण दाबलं की वाफाळता चहा कपात पडायचा. कामगारांना दोन-चार दिवस गंमत वाटायची, मग सवय व्हायची, आणि महिन्याभरात किटलीवाला माणूस आपला आपण यायचा बंद व्हायचा. जा म्हणून त्याला सांगावंही लागत नसे. वाळूजच्या कंपन्यांत दीड वर्षात त्रिंबकनं अशी सात मशीनं लावली होती.

माणूस तसा वाईट नव्हता. देवगाव रंगारीचा, मेंढरंवाल्या घरातला. बाप आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा आणि चार महिने गावात असायचा. पोरगं दहावीला नापास झालं, पण वाळूजला कंपन्या उठत होत्या, तेव्हा दहावी नापासालाही भाव होता. बजाजनगरात एक खोली बघून तो पॅकिंग खात्यात लागला. नऊ वर्षं खोकी बांधली. मग कंपनीत संप झाला, मालकानं गेटला टाळं ठोकलं, आणि चौदा महिने त्रिंबक रोज सकाळी डबा घेऊन त्या टाळ्यासमोर जाऊन बसत होता. बायको सुगंधा चार घरची भांडी घासत होती. बाप मेला होता, मेंढरं त्याच्या पाठोपाठ गेली होती. गावाकडं जाऊन वळायचं म्हटलं तर शेपूटसुद्धा शिल्लक नव्हतं.

अशात आप्पासाहेबांनी त्याला हाताशी धरलं. आप्पासाहेबांची जमीन कंपन्यांत गेली होती आणि त्या पैशातून त्यांनी पुण्याहून चहाची आठ मशीनं आणली होती. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, आणि बसायला मात्र फिरती खुर्ची. बोलायचे गोड.

सातवं मशीन लागलं त्या दिवशी त्यांनी त्रिंबकला समोर बसवून घेतलं.

"त्रिंबक, एक मशीन धूळ खात पडलंय बघ."

"लावतो ना आप्पासाहेब. नव्या शेडात एक कंपनी..."

"नव्या कंपनीत गाढवबी लावील रे. मला ती गिअरवाली पाहिजे. दोनशे माणूस हाय तिथं. ती मेंढकीण बाई अकरा वर्षं ठाण मांडून बसली. तिच्या शेजारी ठेवून दाखव." मग खुर्ची जराशी फिरवून ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत लागलं तर तू माझ्याकडं कायम. आठी मशीनं तुझ्या हाती. पावडर भरायची, पाणी बघायचं, जन्माचं काम. नाय लागलं तर आपलं तिळगूळ घ्या गोड बोला. सात मशीनं सांभाळायला माझा भाचा हाय."

त्रिंबक हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

ती मेंढकीण बाई म्हणजे म्हाळसाबाई. पडेगावला राहायची, पण माहेर देवगाव रंगारीचं. गावची लेक म्हणून त्रिंबकची ती आत्या. रक्ताचं नातं काही नव्हतं. पण गावच्या लेकीला आत्या म्हणायचं ही रीत, आणि ती रीत दोघंही पाळत होते. टाळेबंदीच्या दिवसांत हा गेटसमोर बसायचा, तेव्हा म्हाळसाबाई जाता-येता त्याला चहा द्यायची. पैशाचं नाव काढू द्यायची नाही. "गावाकडचं लेकरू तोंड सुकवून बसलंय, अन् मी काय पैसं घेऊ?" म्हणायची.

गिअरच्या कंपनीची भिंत बांधत होते तेव्हापासून ती तिथं चहा देत होती. आधी गवंड्यांना, मग मशीनं बसवणाऱ्यांना, मग कामगारांना. नवरा मेला, चरायचं रान तारांच्या कुंपणात गेलं, तेव्हा तिनं मेंढरं विकून तीन म्हशी केल्या. पहाटे धारा काढायच्या, दूध घेऊन पडेगावहून वाळूजला यायचं, कंपनीच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली स्टो पेटवायचा, आणि दहाच्या नि तीनच्या ठोक्याला पितळेची दांडगी किटली काखेवर तोलत आत शिरायचं. उशीर नाही, भेसळ नाही, ग्लास कढत पाण्यातून काढलेला. असल्या चहाच्या शेजारी मशीन ठेवायचं म्हणजे अवघडच होतं.

टाइम ऑफिसात पुंजाराम म्हणून एक कारकून होता. चहापाण्याचं सगळं त्याच्या हातात. त्रिंबक त्याच्यासमोर जाऊन बसला आणि सवयीप्रमाणं म्हणाला, "तुमच्या इथला चहा लई झकास, पुंजारामभाऊ."

"हाय की," पुंजाराम म्हणाला आणि रजिस्टरात डोकं घातलं.

त्रिंबक वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं पुंजारामनं पेन खाली ठेवलं.

"एकच खोट हाय बघ. महिन्यातून एक दिवस बाई येतच नाय. आमुशाला. साहेब लोकांना कसं सांगायचं? मागच्या आमुशाला मुंबईचे पाहुणे आले, मी टपरीवरचा चहा आणला, तर त्यात माशी. मालक मला म्हणे, अमावस्या कंपनीच्या कॅलेंडरात आहे का?"

त्रिंबकच्या मनात लख्ख झालं, आणि लगेच लाजही वाटली. कारण हा नेम त्याच्याही घरचा होता. अमावास्येला दुभत्याचं दूध विकायचं नाही. त्या दिवशी वासरांना पोटभर सोडायचं, उरलेलं खंडोबाला दाखवून घरातल्यांनी खायचं. त्याच्या आईनं उपासमारीतही तो नेम मोडला नव्हता. लहानपणी त्रिंबक अमावास्येची वाट बघायचा, कारण त्या दिवशी वाटीभर दूध मिळायचं.

"तिला काढू नका," तो म्हणाला. जीभ आपोआप चालली. "आमचं मशीन नुसतं शेजारी ठेवा. येत्या मंगळवारी आमुशा हाय. त्या दिवशी चालू करू. बाई नसतीच तशी. कुणाच्या पोटावर पाय नाय."

पुंजारामला ते पटलं. मंगळवारी मालकही येणार होता. "मालकानं कप हातात घेऊन बरं म्हटलं, की झालं," तो म्हणाला.

दिवस वाईट होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा निर्णय संक्रांतीला होणार, अशी सगळीकडं बोलवा होती. शहरात चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या. आज एस.टी. बंद, उद्या शाळा बंद, रोज नवी आवई. गिअरच्या कंपनीत अकरा वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घालणारी माणसं आता दोन ठिकाणी बसत होती. नामांतर व्हावं म्हणणारी लिंबाखाली, नको म्हणणारी सायकल स्टँडजवळ. मधलं अंगण मोकळं. त्या अंगणातून इकडून तिकडं जाणारी एकटी म्हाळसाबाई. एक दिवस लिंबापासून सुरुवात करायची, दुसऱ्या दिवशी स्टँडपासून. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं.

सोमवारी तीनचा चहा उरकून बाई घरी पोचली असेल, अशा बेतानं त्रिंबक लूना काढून पडेगावला गेला. बाई उद्या नक्की येणार नाही, एवढं त्याला बघायचं होतं. मनात एक सबबही तयार होती.

म्हाळसाबाई गोठ्यात वैरण टाकत होती. मुलगा सूर्यभान बाजेवर पडला होता. सून पारूबाई ओट्यावर किटली मांडीत घेऊन बसली होती. रोजच्या वापरानं तोटीत चहाचा चिकट थर बसतो, बोट आत जात नाही. किटलीला महिन्यातून एकच दिवस विसावा, म्हणून आदल्या दिवशी तीनचा चहा झाला की ती घरी आणायची, तोटीत चिंचेचा कोळ ठासायचा, चिंधीचा बोळा लावायचा आणि दोन रात्री तशीच ठेवायची. पारूबाई तेच करत होती.

"ये रं त्रिंबका, बस," म्हाळसाबाई म्हणाली. "सुगंधा बरी हाय का?"

"बरी हाय. आत्या, उद्या वाळूजला येऊ नको बरं. दंग्याची भाषा चाललीय."

"उद्या आमुशा न्हाई का? मी येतीय कशाला?" ती हसली. "मेंढक्याचं पोर असून इसरला व्हय?"

"विसरलो," त्रिंबक म्हणाला.

तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. तो गूळ तोंडात धरूनच तो परत फिरला. रात्री सुगंधानं विचारलं, "आत्याला सांगितलं का मशीनचं?" तर म्हणाला, "सांगायचं काय त्यात? शेजारी तर ठेवायचंय."

पण सांगणारा दुसराच निघाला. कडुबा नावाचा टर्नर कंपनीत होता, राहायला पडेगावलाच. लिंबाखाली बसणाऱ्यांतला, तोंडाचा फाटका, मनाचा सरळ. संध्याकाळी पाळी सुटताना त्यानं मशीन आत नेताना पाहिलं आणि घरी जाण्याआधी म्हाळसाबाईच्या दारात उभा राहिला.

"मावशी, तुझी सवत आली गं कंपनीत. पांढरीफेक, वीजेवर चालती."

"काय बोलतो रं, मेल्या?"

"चहाचं मशीन आणलंय तुझ्या त्या भाच्यानं. उद्या मालक पिणार. उद्या तू नाय आली, तर परवा येऊन काय करशील? ग्लास मोजत बसशील?"

हे बोलणं पुढं कडुबा इतरांना सांगताना त्रिंबकच्या कानावर पडलं. म्हातारी किती तरी वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती म्हणे. भाच्याला एक शब्द वाईट बोलली नाही. देव्हाऱ्यातल्या टाकापुढं जाऊन बसली. पहाटे उठली, सुनेला न उठवता अंधारातच धार काढली, चरवी भरली, किटली घेतली, बोळा काढून तोटीत पाणी ओतलं आणि निघाली. एस.टी. बंद होती. पडेगाव ते वाळूज ती डोक्यावर चरवी आणि हातात किटली घेऊन पायी आली.

दहा वाजायला आले होते. मशीन अंगणाच्या कडेला टेबलावर मांडलं होतं. मालक अजून यायचा होता. त्रिंबकनं फडक्यानं मशीन तिसऱ्यांदा पुसलं, आणि वर बघतो तर गेटातून म्हाळसाबाई येत होती. काखेला किटली. नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला.

"आत्या, तू?"

"व्हय, मी." ती त्याच्याजवळ थांबली. मशीनकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेच का ते? दिसाया बरंय. ह्याला शिंगं न्हाईत, शेपूट न्हाई, दूध कुटून देतं?"

"पावडर असती, आत्या."

"बरं," ती म्हणाली. "तुझं तू इक, माझं मी इकते. पोट सगळ्याला हाय."

एवढं बोलून ती लिंबाकडं वळली. आजची पाळी लिंबाची होती. कडुबा ओरडला, "आली रे आली! मावशी, आज आमुशा अन् तुझं दूध?" तिनं पदर खोचला. पाचसहा ग्लास मांडले आणि किटली वाकडी केली.

ग्लासात चहा नव्हता. पिवळट पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या गाठी. दुसऱ्या ग्लासात तेच. तिसऱ्यात तेच. म्हाळसाबाई नुसती बघत राहिली.

"नासला की गं," कडुबा म्हणाला.

"पातेल्यात चांगला व्हता," ती पुटपुटली. "मी सोता चाखला. आत्ताच चाखला."

एका तरण्या पोरानं ग्लास नाकाशी नेला आणि दूर फेकला. "आंबूस वास येतोय. काय घातलंय यात? आन् पहिल्यांदा आम्हालाच कामून दिला?"

सायकल स्टँडकडून कुणीतरी हसलं. "आम्हाला द्यायच्या आधी चाखून बघा म्हणावं!"

"हसतो कुणाला रे?"

मग काय, माणसं उठलीच. लिंबाखालची निम्म्या अंगणापर्यंत आली, स्टँडजवळची तिकडून आली. अकरा वर्षांत त्या अंगणात कुणी कुणाच्या अंगावर धावलं नव्हतं. त्या दिवसांत कशाचं काय होईल सांगता येत नव्हतं. कुणी म्हणालं बाईला कुणी तरी फितवलंय, कुणी म्हणालं मुद्दाम केलंय. म्हाळसाबाई दोन्ही जथ्यांच्या मधोमध किटली पोटाशी धरून उभी होती.

त्रिंबक तिच्यापासून चार पावलांवर होता. त्याला किटलीची तोटी दिसत होती. तोटीच्या तोंडाला एक तपकिरी धागा लोंबत होता. चिंचेचा रेषा. काल पारूबाईच्या बोटांना चिकटलेले तसलेच रेषे त्यानं पाहिले होते. म्हातारीनं अंधारात बोळा काढला, पाणी ओतलं, पण कोळ आत घट्ट बसला होता. वरून कढता चहा पडला आणि सगळी किटली नासली. देव नाही, विष नाही, फितुरी नाही. चिंच.

"तोटीत चिंच राहिली," एवढे तीन शब्द. कुणीही ते ऐकलं असतं तर हसला असता. कडुबानं तिची आठवडाभर टर उडवली असती. म्हाळसाबाईनं किटली धुतली असती, दूध उरलेलंच होतं, अर्ध्या तासात दुसरा चहा आला असता. आणि आमुशाला पायी येऊन चहा देणाऱ्या बाईला कोण काढणार होतं?

त्रिंबकचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पुंजाराम धावत आला आणि त्याच्या मागं मालकाची मोटार गेटातून आत वळली. त्रिंबकनं तोंड मिटलं.

"बाई, आधी तुम्ही बाहेर व्हा," पुंजाराम म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी हाय. उगं काही झालं तर कंपनी बंद पडंल."

"पुंजारामभाऊ, मी काही..."

"मला ठावं हाय हो. पण आत्ता जा."

वॉचमननं तिच्या दंडाला धरलं. ती गेली. जाताना त्रिंबकच्या जवळून गेली, पण त्याच्याशी बोलत नव्हती. स्वतःशीच बोलत होती. "आमुशाचं दूध इकाया आणलं. खंडोबानं तितंच दाखवलं. सगळ्यांम्होरं दाखवलं."

मालकानं विचारलं, काय गडबड? पुंजाराम म्हणाला, चहा नासला साहेब, नवं मशीन आणलंय. मालकानं बटण दाबलं, कप तोंडाला लावला आणि बरा आहे म्हणाला. मग सगळेच आले. लिंबाखालची एका बाजूनं, स्टँडवरची दुसऱ्या बाजूनं. दोन्ही रांगा मशीनपाशी येत होत्या आणि कप घेऊन आपापल्या जागी परत जात होत्या. एकमेकांकडं कुणी बघत नव्हतं. त्रिंबक दर पाच मिनिटांनी पावडर भरत होता. कडुबा रांगेत आला नाही.

तीन दिवसांनी संक्रांत झाली. विद्यापीठाला नवं नाव मिळालं. कुठं फटाके वाजले, कुठं दारं बंद राहिली, आणि थोड्या दिवसांनी माणसं पुन्हा पाळीला येऊ लागली. आप्पासाहेबांनी शब्द पाळला. त्रिंबकला आठी मशीनांच्या किल्ल्या मिळाल्या. सुगंधानं दोन घरची भांडी सोडली. किल्ल्या तिनं देवापुढं ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि मग विचारलं, "आत्याचा चहा खरंच नासला होता का वं?"

"नासला होता."

"कशानं?"

"मला काय ठावं?" तो म्हणाला आणि जेवत्या ताटावरून उठला.

म्हाळसाबाई पुन्हा कंपनीकडं फिरकली नाही. पुंजारामनं एकदा निरोपही धाडला होता, मशीन असलं तरी येत जा म्हणून. आली नाही. कडुबा सांगायचा. त्रिंबकला नाही, त्याच्याशी तो बोलणंच सोडून बसला होता. पण पावडर भरताना त्रिंबकच्या कानावर जाईल असं मुद्दाम मोठ्यानं सांगायचा. म्हातारी दर रविवारी पडेगावहून शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला अनवाणी जाती. दूध-ताक वर्ज्य केलं. मग एक म्हैस विकली. मग दुसरी. "तिसरी देवाला सोडणार म्हणती," कडुबा एक दिवस म्हणाला. "नातवाला दूध पाजू देत न्हाई त्या म्हशीचं. बाटलेलं दूध म्हणती. दोन वर्षांचं पोर कोऱ्या चहात भाकर खातंय."

हे ऐकल्यावर त्रिंबकला त्या रात्री झोप लागली नाही. फाल्गुन लागला होता. सकाळी तो मशीनं न भरताच लूना घेऊन पडेगावला गेला. वाटेत सगळं मनाशी जुळवलं. तोटी, कोळ, रेषा. आपण बघितलं, बोललो नाही, हेही सांगायचं ठरवलं. पायावर डोकं ठेवायचं ठरवलं. देवानं कोप केला नाही हे तिला कळलं, की ती म्हैस ठेवील, पोराला दूध मिळेल, एवढं तरी होईल.

ओट्यावर म्हाळसाबाई नातवाला मांडीत घेऊन बसली होती. खूप वाळली होती. सूर्यभान दाराशी फावड्याला दांडा बसवत होता; म्हशी गेल्यापासून तो खडीच्या खाणीवर जायला लागला होता. पारूबाई आत चुलीपाशी.

"ये त्रिंबका," म्हाळसाबाई म्हणाली. नेहमीसारखीच.

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. "आत्या, त्या दिवशी देवानं काही केलं नाही. चिंच होती. तोटीत चिंचेचा कोळ राहिला होता. मी डोळ्यांनी रेषा बघितला. मी तवा बोललो न्हाई. माझं मशीन लागायचं होतं म्हणून बोललो न्हाई. चिंचेनं नासला आत्या, आमुशेनं न्हाई."

म्हाळसाबाईचा हात नातवाच्या डोक्यावर होता तो तिथंच थांबला. क्षणभर तिच्या तोंडावर काही तरी हललं. पाऊस येणार असं वाटावं आणि ढग सरकून जावेत तसं. मग आतून काही तरी पडल्याचा आवाज झाला. पारूबाईच्या हातातलं ताट.

सूर्यभाननं फावडं खाली ठेवलं, पण दांडा हातातच होता. "चिंच?" तो म्हणाला. "तोटीत चिंच कुणी भरली व्हती?"

म्हाळसाबाईनं नातवाला जवळ ओढलं.

"आये, मी इच्यारतोय. दोन म्हशी गेल्या माझ्या. मी खडी फोडाया लागलो. किटली कुणी घासली व्हती त्या दिशी?" त्याचे डोळे चुलीकडं वळले होते.

त्रिंबकनंही चुलीकडं पाहिलं. हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. वाटेवर त्यानं सगळं जुळवलं, पण तोटीत कोळ ठासणाऱ्या हातांचा विचार राहून गेला होता.

"किटली मी घासली," म्हाळसाबाई म्हणाली. "राखेनं. त्या महिन्याला चिंच न्हवतीच घरात."

"हा तर म्हणतोय—"

"ह्याला काय ठावं? हा काय माझ्या घरात भांडी घासाया येतो?" तिनं त्रिंबककडं पाहिलं. सरळ डोळ्यांत डोळे घालून. "त्रिंबका, मला बरं वाटावं म्हणून आला, ते कळलं. पण उगं खोटं बोलू नको बाबा. म्या आमुशाचं दूध इकाया काढलं, खंडोबानं ते नासवलं. ते माझं अन् त्याचं हाय. चिंच न्हवती."

त्रिंबकनं सूर्यभानच्या हाताकडं पाहिलं.

"न्हवती ना?" तिनं विचारलं.

दांडा अजून सूर्यभानच्या मुठीत होता. चुलीपाशी पारूबाई भिंतीला चिकटून उभी होती.

"न्हवती," त्रिंबक म्हणाला. "माझा भास झाला असंल."

सूर्यभाननं हळूहळू दांडा फावड्यात बसवला आणि दगडावर ठोकू लागला. म्हाळसाबाई पुन्हा नातवाच्या डोक्यावरून हात फिरवू लागली.  तिसरी म्हैस गोठ्यात एकटीच रवंथ करत होती. तिच्या गळ्यात भंडाऱ्यात माखलेला दोरा बांधलेला होता. रविवारी तिला देवाकडं न्यायचं होतं.

"जा बाबा," म्हाळसाबाई म्हणाली. "तुझी मशीनं वाट बघत असतील."

तो लूनापाशी आला. ती लवकर सुरू होईना. चार-पाच वेळा पायडल मारल्यावर कुठं इंजिनानं धरलं. तेवढ्यात पारूबाई कळशी घेऊन पाण्याला निघाल्यासारखी बाहेर आली. त्याच्या जवळून जाताना थांबली नाही, वर बघितलं नाही.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "परत येऊ नका."